ऐकून वाचता येईल असे पान कसे बांधावे

काही वर्षांपूर्वी मी एका सार्वजनिक वाचनालयाचे छोटेसे संकेतस्थळ बांधून दिले होते. रंगसंगती, अक्षरांचे वळण, नव्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांची सरकती पट्टी हे सगळे कार्यकारिणीला पसंत पडले होते आणि मीही खूश होतो. मग एके दिवशी वाचनालयाचे एक दृष्टिहीन सभासद माझ्या शेजारी येऊन बसले, त्यांनी आपल्या लॅपटॉपवर ते पान उघडले आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने बोलून दाखवणारा त्यांचा स्क्रीन रीडर बोलू लागला: ‘लिंक, ग्राफिक, बॅनर फायनल टू. लिंक, येथे क्लिक करा. लिंक, येथे क्लिक करा. लिंक, येथे क्लिक करा.’ वाचनालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते, एवढेच त्यांना पाहायचे होते. ती वेळ पानावर ठळक अक्षरांत लिहिलेली होती, परंतु तिथपर्यंत पोहोचायला त्यांना चार मिनिटे लागली, आणि तीही त्यांनी चिकाटी सोडली नाही म्हणून.

ती चार मिनिटे कशी वाचवावीत, हे प्रथमच संकेतस्थळ बांधणाऱ्यांसाठी येथे क्रमाने लिहिले आहे. यातील बहुतेक गोष्टींना एचटीएमएलची, म्हणजे पान ज्या खुणांच्या भाषेत लिहितात तिची, जुजबी ओळख पुरते; वर्डप्रेससारख्या साधनावर काम करणाऱ्यांना तर त्यांतील निम्म्या गोष्टी कोड न लिहिताही करता येतील. टॅगची (पानाच्या भागांना लावायच्या खुणांची) आणि त्यांना जोडायच्या गुणधर्मांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची आहेत.

आधी ऐका

स्क्रीन रीडर पडद्याकडे ‘पाहत’ नाही. ब्राउझर पानाचा एचटीएमएल वाचून त्याची आतली रचना तयार करतो, म्हणजे हा मथळा, ही यादी, हे बटन, हा मजकूर भरण्याचा रकाना अशी, आणि स्क्रीन रीडर ती रचना उचलून एकामागून एक बोलून दाखवतो. आपण मोठ्या निळ्या अक्षरांत एखादी ओळ लिहिली, तर डोळ्यांना तो मथळा वाटतो; परंतु कोडमध्ये तो साधा परिच्छेद असेल, तर ऐकणाऱ्यासाठीही तो साधा परिच्छेदच राहतो. पुढील सर्व पायऱ्या या एका गोष्टीतून निघतात: जे दिसण्यातून सांगितले जात आहे, ते खुणांमधूनही सांगितले गेले पाहिजे.

म्हणून पहिले काम कोड लिहिण्याचे नाही, ऐकण्याचे आहे. विंडोज संगणकासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो. मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने तो २००६ साली ऑस्ट्रेलियात लिहायला घेतला, आणि आज जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या स्क्रीन रीडरपैकी तो एक आहे. ॲपलच्या संगणकांवर आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर, तर बहुतेक अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक आधीपासूनच बसवलेले असते. एनव्हीडीए सुरू केल्यावर खालच्या बाणाने एकेक ओळ ऐकता येते, टॅब कळीने एका दुव्यावरून किंवा बटनावरून पुढच्यावर जाता येते, आणि ‘एच’ कळ दाबली की थेट पुढच्या मथळ्यावर उडी मारता येते. त्याचप्रमाणे ‘डी’ने पानाच्या विभागांवर, ‘के’ने दुव्यांवर, ‘एफ’ने अर्जातील रकान्यांवर आणि ‘टी’ने तक्त्यांवर जाता येते. बोलणे थांबवायचे असेल तर कंट्रोल कळ दाबावी. ही एवढी कळ आधी पाठ करा, कारण घाबरून संगणकच बंद करणारे मी पाहिले आहेत.

आता आपले पान उघडा, पडद्याचा उजेड पूर्ण घालवा आणि पानावरची एखादी साधी माहिती शोधून काढा. पहिल्या खेपेला ती मिळाली नाही, तर तो केवळ सरावाचा अभाव आहे असे समजू नका. सराव असलेल्या माणसालाही तिथेच अडखळायला होण्याची शक्यता मोठी आहे.

भाषा सांगा आणि मराठी नीट लिहा

पानाच्या अगदी सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगला ‘लँग’ नावाचा गुणधर्म असतो आणि त्यात पानाची भाषा लिहायची असते. मराठीसाठी ‘एमआर’ ही दोन अक्षरे. तयार साचा उचलला की तिथे इंग्रजीचा ‘ईएन’ तसाच राहून जातो आणि तो कोणाच्याच नजरेस पडत नाही, कारण त्याने पानाच्या दिसण्यात काहीच फरक पडत नाही. ऐकण्यात मात्र पडतो. भाषेप्रमाणे आवाज बदलणारा स्क्रीन रीडर अशा पानावर इंग्रजी आवाज लावतो आणि तो आवाज देवनागरी मजकूर चक्क गाळतो, नाही तर एकेक अक्षर सुटे करून वाचतो. मराठी पानात मध्येच इंग्रजी परिच्छेद असेल, तर त्या परिच्छेदाच्या टॅगला वेगळा ‘लँग’ द्यावा. देवनागरीत लिहिलेल्या ‘स्टेशन’, ‘फॉर्म’ अशा शब्दांसाठी असे काही करण्याची गरज नाही.

याच जागी मराठीपुरत्या तीन-चार खोडी सांगून ठेवतो, कारण इंग्रजी मार्गदर्शक पुस्तिकांमध्ये त्या सापडणार नाहीत. पहिली खोड जुन्या फॉन्टची आहे. युनिकोड रुळण्याआधीच्या कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दिसतो मराठी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे; त्यांना केवळ देवनागरी वेष चढवलेला असतो. स्क्रीन रीडर वेष पाहत नाही, त्यामुळे तो निरर्थक रोमन अक्षरांची रांग वाचतो. ओळखण्याची युक्ती सोपी आहे: पानावरचा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावा. तिथे मराठी दिसले तर तो युनिकोड आहे; विचित्र रोमन चिन्हे दिसली तर सगळा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. असा मजकूर शोधयंत्रालाही सापडत नाही, हे सांगितले की कार्यकारिणी लवकर तयार होते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी खोड विसर्गाची. टंकलेखन यंत्राच्या काळापासून आपल्याला अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग ठोकण्याची सवय लागली आहे. ‘वेळः सकाळी ८’ असे लिहिले की आवाज ‘वेळह’ म्हणतो. पाहणाऱ्याला दोन टिंबे सारखीच दिसतात, पण ती दोन वेगळी चिन्हे आहेत. तिसरी खोड जाहिरातीतून आलेली: मथळा भारदस्त दिसावा म्हणून ‘सू च ना’ असे प्रत्येक अक्षरानंतर जागा सोडून लिहिणे. ऐकणाऱ्याला ‘सूचना’ हा शब्द मिळतच नाही, तीन सुटी अक्षरे मिळतात. अक्षरांमधले अंतर सीएसएसमधून, म्हणजे पानाचे दिसणे ठरवणाऱ्या नियमांतून, वाढवावे, शब्द मात्र अखंड लिहावा. आणि दोन परिच्छेदांमध्ये तारकांच्या किंवा आडव्या रेघांच्या माळा टंकू नयेत, कारण काही मांडण्यांमध्ये त्या एकेक मोजून वाचल्या जातात. रेघ हवी असेल तर त्यासाठी ‘एचआर’ हा टॅग आहे.

पानाचे नाव, म्हणजे ‘टायटल’ टॅगमधला मजकूर, हा कानावर पडणारा पहिला शब्द असतो. प्रत्येक पानाला वेगळे नाव द्यावे आणि त्यात विशेष आधी, सामान्य नंतर लिहावे: ‘सभासद अर्ज, अमुक वाचनालय’. उलटे लिहिले, तर उघड्या असलेल्या दहा टॅबमधून हवे ते शोधताना प्रत्येक वेळी वाचनालयाचे सबंध नाव ऐकत बसावे लागते.

मथळे

सगळ्या पायऱ्यांपैकी एकच करण्याइतका वेळ असेल, तर ही करावी. अमेरिकेतील युटा राज्य विद्यापीठाशी संलग्न असलेली वेबएम ही संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची पाहणी करत असते. लांबलचक पानावर माहिती कशी शोधता, या प्रश्नाला २०२४ साली जाहीर झालेल्या पाहणीत सुमारे ७२ टक्के लोकांनी ‘मथळ्यांवरून’ असे उत्तर दिले होते. डोळस माणूस वर्तमानपत्राच्या पानावरून जशी नजर फिरवतो, तसे ते मथळ्यांवरून कान फिरवतात.

एचटीएमएलमध्ये मथळ्यांच्या सहा पातळ्या आहेत, एच-१ ते एच-६. एच-१ पानाच्या विषयासाठी एकदाच वापरावा, मुख्य भागांसाठी एच-२ आणि त्यांच्या पोटात एच-३. वाचनालयाच्या पानावर ‘अमुक सार्वजनिक वाचनालय’ हा एच-१ ठेवला. त्याखाली ‘वेळा आणि सुट्ट्या’, ‘नवीन पुस्तके’, ‘सभासद व्हा’, ‘पत्ता’ हे चार एच-२. आणि ‘नवीन पुस्तके’ याच्या पोटात ‘कादंबरी’, ‘चरित्र’, ‘बालवाङ्मय’ हे एच-३. आता तेच सभासद ‘एच’ दोनदा दाबून वेळेपर्यंत पोहोचतात.

पातळी निवडताना अक्षराचा आकार डोक्यातून काढून टाकावा. ‘एच-२ फार मोठा दिसतो म्हणून एच-४ घेतला’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्यावर आता हसू येत नाही. आकार बदलण्यासाठी सीएसएस आहे. पातळी अर्थावरूनच ठरते. मधली पातळी गाळणे हा डब्ल्यूसीएजी या संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या जागतिक निकषांनुसार नियमभंग ठरत नाही, हे खरे. तरीही एच-२ नंतर एकदम एच-४ ऐकू आला की आपल्याकडून काहीतरी सुटले असे वाटून माणूस मागे जाऊन शोधू लागतो, म्हणून ते टाळावेच. वर्डप्रेसमध्ये लेखाचे शीर्षक बहुधा आपोआप एच-१ होते, त्यामुळे मजकुरातील मथळे एच-२पासून सुरू करावेत. परिच्छेद ठळक करून मथळ्याचे सोंग आणू नये.

विभाग

पानाचा वरचा भाग ‘हेडर’मध्ये, मेनू ‘नॅव्ह’मध्ये, मुख्य मजकूर ‘मेन’मध्ये आणि तळाचा भाग ‘फूटर’मध्ये ठेवावा. सगळीकडे ‘डिव्ह’ हा नुसत्या डब्यासारखा टॅग वापरला तरी पान तसेच दिसते, परंतु ‘डिव्ह’ला ऐकण्याच्या दृष्टीने काहीही अर्थ नसतो. ‘मेन’ एकच असावा. दोन मेनू असतील तर त्यांना ‘आरिया-लेबल’ या गुणधर्मातून वेगवेगळी नावे द्यावीत. शिवाय पानाच्या अगदी आरंभी ‘मुख्य मजकुराकडे जा’ असा एक दुवा ठेवावा, म्हणजे प्रत्येक पानावर तोच मेनू पुन्हा ऐकावा लागत नाही.

सीएसएसने एखादा भाग उजवीकडून डावीकडे किंवा खालून वर नेला, तरी वाचनाचा क्रम कोडमधलाच राहतो. तो क्रम सीएसएस काढून टाकल्यावरही अर्थपूर्ण वाटला पाहिजे.

दुवे आणि बटने

स्क्रीन रीडर वापरणारे पुष्कळदा पानावरील सर्व दुव्यांची यादी एका खिडकीत काढून त्यातून निवड करतात. एनव्हीडीएमध्ये त्यासाठी एनव्हीडीए कळ (सामान्यतः इन्सर्ट) आणि एफ-७ एकत्र दाबावे लागते. त्या यादीत आजूबाजूचे वाक्य नसते. म्हणून ‘वार्षिक अहवालासाठी येथे क्लिक करा’ यातील केवळ ‘येथे क्लिक करा’ला दुवा केला, तर यादीत अशा अकरा एकसारख्या ओळी उभ्या राहतात. ‘वार्षिक अहवाल, पीडीएफ, २ एमबी’ हाच मजकूर दुवा करावा.

दुसऱ्या पानावर नेतो तो दुवा आणि याच पानावर काहीतरी घडवते ते बटन, एवढा भेद पाळला तरी पुरे. ‘डिव्ह’ला क्लिकची आज्ञा जोडून तयार केलेले बटन माउसने चालते, पण टॅब कळ त्याच्यावर थांबत नाही आणि ते बटन असल्याचे कोणी सांगतही नाही. खरा ‘बटन’ टॅग वापरला की एंटर, स्पेस, नाव आणि भूमिका हे सर्व फुकट मिळते. निवडलेल्या घटकाभोवती ब्राउझर जी चौकट काढतो, ती कुरूप दिसते म्हणून काढू नये. कीबोर्डवर काम करणाऱ्या डोळस आणि अल्पदृष्टी माणसांना तीच वाट दाखवते.

चित्रे

प्रत्येक चित्राला ‘ऑल्ट’ हा गुणधर्म, म्हणजे चित्राऐवजी वाचला जाणारा मजकूर, असावा. त्यात काय लिहायचे, हे चित्रात काय आहे यापेक्षा ते चित्र तिथे कशासाठी आहे यावर ठरते. मुखपृष्ठाशेजारी पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव लिहिलेलेच असेल, तर ‘ऑल्ट’ रिकामा ठेवावा. म्हणजे अवतरणचिन्हे असावीत, आत काही नसावे. गुणधर्मच गाळला तर गोष्ट वेगळी होते: विशेषतः चित्राचाच दुवा केलेला असेल, तेव्हा स्क्रीन रीडर नाइलाजाने फाइलचे नाव वाचतो. माझे ‘बॅनर फायनल टू’ तिथूनच आले होते. बोधचिन्हावर क्लिक केल्यावर मुख्य पान उघडत असेल, तर ‘ऑल्ट’मध्ये बोधचिन्हाचे वर्णन न करता ‘मुख्य पान’ लिहावे. ‘चे चित्र’ हे शब्द घालू नयेत, कारण चित्र असल्याचे स्क्रीन रीडर आपणहून सांगतो.

आपल्याकडे खरी अडचण आहे ती सूचनेच्या चित्राची. व्याख्यानमालेचे निमंत्रण, वार्षिक सभेची नोटीस, सुट्टीचा फलक हे सारे एकाच जेपीजी फाइलमध्ये तयार होते, व्हॉट्सॲपवर फिरते आणि तेच संकेतस्थळावर चढते. शंभर शब्दांची नोटीस ‘ऑल्ट’मध्ये कोंबण्यापेक्षा तिचा मजकूर पानावर टंकावा आणि चित्र हवेच असेल तर त्याच्या शेजारी ठेवावे. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून पीडीएफ केला, तर तोही केवळ चित्रच असतो. शेजारी टंकलेला मजकूर द्यावा.

अर्ज

अर्जात चूक झाली की माणूस तिथेच अडतो, म्हणून येथे थोडे थांबू. आमच्या सभासद अर्जात प्रत्येक रकान्याच्या आत फिकट अक्षरांत ‘पूर्ण नाव’, ‘मोबाइल’ असे लिहिलेले होते आणि बाहेर काहीच नव्हते. टंकू लागताच ती फिकट अक्षरे नाहीशी होत, आणि आपण कोणता रकाना भरत आहोत हे मागे येऊन तपासणाऱ्याला कळण्याचा मार्ग उरत नसे. प्रत्येक रकान्याला ‘लेबल’ टॅगने दृश्य नाव द्यावे, आणि लेबलच्या ‘फॉर’मध्ये रकान्याचा ‘आयडी’ लिहून दोन्हींची गाठ बांधावी. गाठ बसली की नाही हे पाहण्याची युक्ती म्हणजे लेबलवर माउसने क्लिक करणे. कर्सर रकान्यात गेला तर गाठ पक्की आहे.

सभासदत्वाचे प्रकार तीन होते: सर्वसाधारण, आजीव आणि बाल. डोळ्यांना वरची ‘सभासदत्वाचा प्रकार’ ही ओळ दिसते. ऐकणाऱ्याला मात्र नुसते ‘आजीव, रेडिओ बटन’ ऐकू येते आणि आजीव काय, हा प्रश्न पडतो. असा गट ‘फील्डसेट’मध्ये ठेवून त्याचे नाव ‘लेजंड’मध्ये लिहिले की गटाचे नाव पर्यायाच्या आधी वाचले जाते.

चूक दाखवताना रकाना नुसता लाल करू नये. ‘मोबाइल क्रमांक १० अंकी हवा’ असे शब्दांत लिहावे, ते वाक्य ‘आरिया-डिस्क्राइब्डबाय’ने रकान्याला जोडावे, आणि अर्ज पाठवल्यावर चूक निघाली तर कर्सर पहिल्या चुकीच्या रकान्यात न्यावा. ‘अर्ज मिळाला’ हा संदेश पान न बदलता दाखवायचा असेल, तर तो ज्या जागेत उमटणार तिला ‘रोल’ म्हणून ‘स्टेटस’ द्यावे. तसे न केल्यास संदेश उमटतो, पण बोलला जात नाही, आणि माणूस अर्ज दुसऱ्यांदा पाठवतो. वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहायला लावणारा चित्ररूप कॅप्चा तर दारालाच कुलूप लावतो.

तक्ते

तक्ता फक्त आकडेवारीसाठी किंवा वेळापत्रकासाठी वापरावा, मांडणी सजवण्यासाठी नाही. पहिल्या ओळीतील आणि पहिल्या स्तंभातील नावे ‘टीएच’मध्ये लिहून त्यांना ‘स्कोप’ (नाव ओळीचे की स्तंभाचे हे सांगणारा गुणधर्म) द्यावा, म्हणजे ‘५:३०’ या घरात आल्यावर ‘शनिवार, संध्याकाळ’ हेही ऐकू येते.

आरियाविषयी सावधगिरी

वर दोन-तीन ठिकाणी आरियाचे गुणधर्म आले. एचटीएमएलमध्ये जे सांगता येत नाही ते सांगण्यासाठी ते असतात, आणि नवखा माणूस नेमका त्यांच्याच प्रेमात पडतो. ‘डिव्ह’ला ‘रोल बटन’ दिले की स्क्रीन रीडर त्याला बटन म्हणतो, पण ते बटनासारखे वागत मात्र नाही. ही थाप न सांगण्यापेक्षा वाईट. वेबएम दरवर्षी दहा लाख मुख्यपृष्ठे यंत्राने तपासते, आणि आरिया वापरलेल्या पानांवर सरासरी चुका जास्तच आढळतात. योग्य टॅग उपलब्ध असेल तर तोच वापरावा.

अक्षरे लहानमोठी करणाऱ्या ‘अ+’ आणि ‘अ-’ या बटनांची पट्टी लावली की काम झाले, असाही एक समज आहे. ऐकणाऱ्याला तिचा उपयोग नाही. तसेच अनेक संकेतस्थळांवर स्क्रीन रीडर कोठून मिळेल याची यादी देणारे एक पान असते. ते पान ज्याला वाचता आले, त्याच्याकडे स्क्रीन रीडर आहेच.

हे काम कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे, सरकारी संकेतस्थळांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आहेत, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आहे. ते प्रकरण ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना ऑनलाइन केवायसी पूर्ण करता येत नव्हते, यातून उभे राहिले होते.

तपासणी

लाइटहाउस किंवा वेव्हसारखी विनामूल्य साधने प्रथम चालवावीत. ‘ऑल्ट’ नाही, लेबल नाही, भाषा नाही अशा उघड चुका ती लगेच दाखवतात. ‘ऑल्ट’मध्ये भलतेच काही लिहिले आहे, हे मात्र त्यांना कळत नाही. त्यानंतर माउस बाजूला ठेवून टॅब, एंटर आणि स्पेस एवढ्यांवर सबंध पान फिरून पाहावे, आणि मग पुन्हा एकदा पडदा काळा करून ऐकावे.

शेवटी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दोघा-तिघांकडून पान तपासून घ्यावे आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत. ‘पान कसे वाटले’ असे विचारण्याऐवजी ‘चरित्र विभागातले नवीन पुस्तक शोधून राखून ठेवा’ असे ठरावीक काम सांगावे आणि ते अडले तरी मध्ये बोलू नये. त्यांच्या स्क्रीन रीडरचा आवाज इतक्या वेगाने चालतो की आपल्याला एक अक्षर समजत नाही; वेग कमी करायला सांगण्यास संकोचू नये. आमचे सभासद दुसऱ्यांदा आले तेव्हा मथळे, अर्ज सगळे ठीक निघाले, पण कादंबऱ्यांच्या एकाच यादीत चारशेच्या वर नावे होती आणि कोठपर्यंत ऐकत जायचे, असे त्यांनी विचारले. ती यादी आता लेखकाच्या आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे तोडली आहे, आणि प्रत्येक अक्षर एच-४ आहे.